फ्लॅशचा डोळा आणि अंतरपाट

लग्नात दोन माणसांना जेवायला हमखास उशीर होतो. एक बँडवाला आणि दुसरा फोटोवाला. मी पस्तीस वर्षं बँडात क्लारनेट वाजवलं, आणि त्यातली निम्मी वर्षं तरी शेवटच्या पंगतीला माझ्या शेजारी केरू फोटोवाला असायचा. तोवर बुंदी संपलेली असायची. वाढपी वरणाचं भांडं खरवडून आमच्या पत्रावळीवर ओतायचे आणि केरू म्हणायचा, "ए क्लारनेट, वाजव काहीतरी. बुंदी परत येती का बघू." अशी आमची दोस्ती. माझी शाळा गावातली, सातवीपर्यंतची. तेव्हा लिहिता लिहिता गाडी रस्ता सोडून कुणाच्या शेतात शिरली तर सांभाळून घ्या. फिरून जागेवर येते.

केरू आता सत्तरीला टेकलाय. पिंपळगाव बसवंतच्या जुन्या पेठेत चपलांच्या दुकानावर त्याचा स्टुडिओ आहे आणि स्टुडिओच्या पडद्यामागं घर. घर म्हणजे एक खाट, एक शेगडी, एक ताट. मी गेलो की तो ताटात जेवतो आणि मला झाकणीत वाढतो. पाहुण्याला ताट द्यावं हे त्याला चाळीस वर्षांत कुणी शिकवलं नाही, कारण पाहुणा मीच एकटा. लग्न केलं नाही. विचारलं की म्हणतो, "लोकांची एवढी लावली, हौस फिटली." संध्याकाळी खिडकीत बसून खालचे द्राक्षांचे टेम्पो बघतो. कुठल्या टेम्पोचा कुठला दिवा गेलाय हे त्याला पाठ आहे. माणूस किती एकटा आहे हे कळायला आणखी काय पाहिजे?

त्याला सख्खी बहीण आहे. सगुणाबाई. कळवणच्या पुढं एका गावात दिलेली, इथून एसटीनं दीड-दोन तास. पण चाळीस वर्षांहून जास्त काळ ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. राखी नाही, भाऊबीज नाही. का, ते सांगतो. पण त्याआधी तुम्हाला फ्लॅश समजून घ्यावा लागेल. घाबरू नका, मला समजला म्हणजे कुणालाही समजेल.

आधी केरूकडं साधा फ्लॅश होता. नवरा-नवरीपर्यंत पावलं मोजायची, फ्लॅशच्या पाठीवरच्या तक्त्यात आकडा बघायचा आणि तेवढं लेन्सचं भोक उघडायचं. मांडवात पावलं मोजताना लोक त्याला वाट द्यायचे नाहीत. एकदा तर तो पावलं मोजत मोजत थेट विहीणबाईंच्या ओटीपाशी पोचला होता, तेव्हा झालेली बोंबाबोंब वेगळी सांगेन कधीतरी.

मग एक्क्याऐंशी साली त्यानं आपोआप फ्लॅश घेतला. त्याच्या पुढच्या अंगाला काचेचा मण्याएवढा डोळा होता. उजेड सुटला, समोरच्या माणसावर आपटून परत आला, की तो डोळा म्हणायचा पुरे, आणि उजेड तिथंच तुटायचा. पावलं मोजायची गरज नाही. एकदा फिल्मचा वेग आणि भोकाचा आकडा जुळवून दिला की मोकळे. केरूला कोण आनंद! "आता माझ्याबरोबर दुसरा एक माणूस आलाय फोटो काढायला," म्हणायचा.

तो दुसरा माणूस जरा भोळा होता, हे लवकरच कळलं. एका लग्नात केरूनं रुखवतापुढं नवऱ्याकडची मंडळी उभी केली. मागं स्टीलचे नवे कोरे हंडे, परात, डबे. उजेड हंड्यांवर आपटून आरशासारखा परत आला, डोळ्यानं लगेच पुरे म्हटलं, आणि मंडळी आली तव्याच्या पाठीसारखी काळी. हंडे मात्र असे चमकले की मुलीचा बाप म्हणाला, "केरू, फोटो झ्याक आलाय. आम्ही किती दिलं ते तरी दिसतंय." तेव्हापासून केरू चमकणाऱ्या भांड्यांपासून सावध झाला. पण तो फक्त भांड्यांपासून सावध झाला.

त्याच वर्षी वैशाखात सगुणाबाईचं लग्न लागलं, खंडेरावांशी. भावाच्याच हातात कॅमेरा, रोल रंगीत, आमचाच बँड. आता आमच्याकडची रीत अशी की मंगलाष्टकं संपली की अंतरपाट उत्तरेकडं ओढून काढतात. दोघांमधलं ते पांढरं कापड सरकतं आणि नवरा-नवरी एकमेकांना बघतात. तो क्षण केरूला पाहिजे होता. त्यासाठी उभं राहायला खरी जागा दक्षिणेची, म्हणजे कापड लांब जाईल. पण दक्षिणेला आम्ही उभे होतो. केरूनं आमच्या बँडमास्तरला विनवलं, "चार हात सरका ना." बँडमास्तर म्हणाला, "बँड एकदा लागला की हलत नाय." मी क्लारनेटचं तोंड पुसत ऐकत होतो. मीही नाही सरकलो. शेवटी केरू उत्तरेला स्टुलावर चढला.

सावधान झालं, आम्ही फुंकलं, अक्षता उडाल्या, कापड सर्रकन उत्तरेला आलं. केरूच्या डाव्या हाताला पट्टीवर फ्लॅश बसवलेला होता, त्याच्या वितीभर पुढं, बरोबर डोळ्यासमोर, ते कापड लोंबलं. कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये ते आलंच नाही, म्हणून केरूला दिसलं नाही. फ्लॅशच्या डोळ्याला मात्र तेवढंच दिसलं. पुढ्यात पांढरं शुभ्र कापड, भरपूर उजेड परत आला. पुरे! नवरा-नवरीपर्यंत काही पोचलंच नाही.

फोटो काळा आला. बाकीचे सगळे आले, तो एक गेला. आणि केरूनं घाबरून बहिणीला सांगितलं, "लॅबवाल्यानं खराब केला गं." ती म्हणाली, "जळो मेला लॅबवाला," आणि विषय संपला असता. पण दीड वर्षात खंडेराव ट्रॅक्टर उलटून गेले. पोरगं पाच महिन्यांचं. मग तिला तो फोटो पाहिजे झाला. ती केरूकडून निगेटिव्हची पट्टी घेऊन गेली, आणि काखेत पोर घेऊन, कुणाला न विचारता, एकटी नाशिकला त्या लॅबमध्ये पोचली. परत धुता येतो का बघा म्हणाली. लॅबवाल्या म्हाताऱ्यानं पट्टी उजेडात धरून तिला नीट समजावून सांगितलं, की बाई, फिल्म चांगली, धुणं चांगलं, उजेडच पडला नाही. फ्लॅशच्या तोंडापुढं काहीतरी पांढरं आलं असणार.

तिथून ती सरळ पिंपळगावला आली. मी स्टुडिओतच बसलो होतो. तिनं पट्टी टेबलावर ठेवली.

"दादा, चूक झाली म्हणाला असतास तर मी काय तुला सुळावर देणार होते?"

केरूनं टेबलावरची पट्टी सरळ केली.

"त्या दिवशी ते एकदाच हसले. कापड सरकलं तेव्हा. बाकीच्या फोटोत बघ, तलाठ्यापुढं उभे असल्यागत. हसलेला तेवढा एकच होता माझ्याकडं. तो गेला तर गेला. पण तू दीड वर्षं दुसऱ्याच्या नावानं माझ्याकडून शिव्या देवविल्यास. मी त्या म्हाताऱ्याच्या पाया पडून आले आत्ता."

जिना उतरून गेली. केरू तिच्यामागं खाली पळाला, पण भरल्या बाजारात बहिणीला हाका मारायची त्याला लाज वाटली. ती लाज त्याला फार महागात पडली. मला म्हणाल तर, बँड चार हात का सरकला नाही, हे मी आजवर तिला सांगितलेलं नाही. त्या काळ्या फोटोत थोडं काळं माझंही आहे.

पुढं तिच्या मुलाच्या लग्नाची पत्रिका केरूला पोस्टानं आली. गेला, शेवटच्या रांगेत बसला, जेवला, परत आला. कुणी ये म्हटलं नाही, कुणी जा म्हटलं नाही.

मग गेल्या वर्षी माघात एक पोरगी जिना चढून आली. सगुणाबाईची नात, तेजस्विनी. नाशकात नर्सिंगला. म्हणाली, "आजोबा, माझं लग्न ठरलंय. व्हिडिओवाले आहेत, ड्रोन आहे, सगळं आहे. पण मला एक रोल तुमच्या फिल्मचा पाहिजे. सध्या फिल्मचीच क्रेझ आहे."

केरूनं विचारलं, "आजीला माहीत हाय?"

"सांगितलं ना. काहीच बोलली नाही ती. आजीला नाही म्हणायचं असलं की ती लगेच म्हणते."

पोरगी गेली आणि केरू कितीतरी वेळ हातात पाण्याचा तांब्या घेऊन तसाच उभा राहिला. मला म्हणाला, "तो कापड काढायचा फोटो ह्या वेळी चुकला, तर मग संपलंच."

आता ऐका, मधल्या काळात केरूकडं दुसरा एक कॅमेरा आला होता. त्याचा फ्लॅश वेगळ्या रीतीचा. फ्लॅशला स्वतःचा डोळा नाही. कॅमेराच आतून, लेन्समधून आलेला उजेड फिल्मवर कसा पडतोय ते बघतो आणि फ्लॅशला सांगतो, पुरे. म्हणजे जे फोटोत येणार तेवढंच तो मोजतो. बाहेर कापड लोंबो नाही तर हत्ती. लेन्स बदला, भोक बदला, त्याचं तो बघून घेतो. मला वाटलं प्रश्न मिटला. पण केरू म्हणाला, "बघितल्याशिवाय नाय."

मग आम्ही स्टुडिओत लग्न लावलं. नवरा मी. नवरी म्हणून माझ्यासमोर स्टुलावर माठ ठेवला, त्याला केरूनं टॉवेल गुंडाळला. दोरीला चादर, ती उत्तरेला ओढलेली. दोन्ही फ्लॅशनं फोटो काढले आणि रोल मुंबईला धुवायला पाठवला, कारण आमच्या ओळखीचं नाशकात आता कोणी रंगीत रोल धूत नाही. पंधरा दिवसांनी फोटो आले. जुन्या फ्लॅशचे फोटो बघितले तर मी आणि माठ अंधारात गुडूप. नव्या कॅमेऱ्याचे बघितले तर आम्ही दोघं आलो होतो, पण मी गव्हाच्या पिठात पडून उठल्यासारखा.

"हे काय रे?" मी म्हणालो. "हा तर शहाणा होता ना?"

"कॅमेरा मधोमध बघतो," केरू म्हणाला. "तू एका कडंला, माठ दुसऱ्या कडंला. मधी मागचा अंधारा दरवाजा. त्याला वाटलं लय अंधार हाय, तो फ्लॅशला म्हणला टाक, अजून टाक."

"म्हणजे दोन्ही येडे."

"येडे नाय. जुना स्वतःच्या डोळ्यापुढचं बघतो, हा लेन्समधलं बघतो. माणूस कुठं उभा हाय ते दोघांनाबी ठाऊक नाय. ते आपण बघायचं."

मग त्यानं ठरवलं, नवाच वापरायचा. कारण जास्त झालेला उजेड फिल्म पोटात घालते, कमी पडलेल्या उजेडाला मात्र तिच्याकडं इलाज नाही. मला ते पटलं. मी म्हणालो, माठाचा एक फोटो मला दे, माझ्या बायकोला दाखवतो सवत.

वैशाखात कळवणच्या मंगल कार्यालयात लग्न. आम्ही सकाळच्या एसटीनं गेलो. केरूच्या पिशवीत दोन्ही फ्लॅश होते. सगुणाबाई लांबून दिसली, पांढरे केस, जांभळं लुगडं. आमच्याकडं बघितलं आणि भांडारघरात गेली.

मुहूर्ताला अर्धा तास होता आणि केरूच्या कपाळावर घाम आला. नव्या कॅमेऱ्याची गंमत अशी की फ्लॅश आणि तो दोघं एका वायरीतून बोलतात, त्या वायरीच्या टोकाला चार-पाच पितळी टाचण्या. एक जरी टाचणी रुसली की बोलणं बंद. आणि ती रुसली होती. केरूनं रुमालानं पुसली, फुंकर मारली, माझ्या चष्म्याच्या काडीनं खरवडली. फ्लॅश नुसता आंधळ्यासारखा पूर्ण ताकदीनं उडत होता, एवढा उजेड फिल्मच्याही पोटात मावला नसता.

"जुना काढ," मी म्हणालो. जुन्याला एकच तार, कुठल्याही कॅमेऱ्याला लागते.

"काढतो. पण त्याचा खटका आपोआपवरच गंजून बसलाय, डोळा बंद होत नाय. पावलं मोजून हातानं लावता येत नाय."

"मग दक्षिणेला उभा राहा."

त्यानं बोट दाखवलं. दक्षिणेला व्हिडिओवाल्यांचा चौथरा, त्यावर दिवे, तिपाया, वायरींचं जाळं. केरू त्यांना म्हणाला, "भाऊ, चार हात सरकता का?" त्यातला एक कानातलं यंत्र न काढताच म्हणाला, "बाबा, सेटअप झालाय आता." मला अंगावर पाल पडल्यासारखं झालं. मी दुसरीकडं बघितलं.

केरू उत्तरेला गेला. तीच दिशा, तोच फ्लॅश, पुढ्यात तसंच पांढरं कापड. तो स्टुलावर चढला. मी स्टूल धरलं. मंगलाष्टकं सुरू झाली. उत्तरेचं टोक धरून नवरीचा मामा उभा होता, धिप्पाड माणूस, हा ओढणार म्हणजे जोरातच ओढणार.

चौथं अष्टक चालू असताना सगुणाबाई बायांमधून उठली. विधवा बाईनं बोहल्याजवळ जाऊ नये, हे आमच्याकडं आता कुणी तोंडानं सांगत नाही, पण बाया आपल्या आपण मागंच बसतात. ती चालत पुढं आली. भटजींनी एकदा बघितलं आणि म्हणायचं तसंच चालू ठेवलं. तिनं मामाच्या हातातलं टोक आपल्या हातात घेतलं.

"मी धरते," ती त्याला म्हणाली. मग मान वर करून स्टुलाकडं बघितलं. "दादा, कुठला फ्लॅश हाय?"

"तोच," केरू म्हणाला. त्याचा आवाज मला नीट ऐकूही आला नाही.

"मग कापड मी खाली घेते. तू तुझं बघ."

सावधान झालं. डीजे गरजला. दक्षिणेच्या माणसानं टोक सोडलं आणि सगुणाबाईनं कापड उडू न देता, वाळत घातलेलं लुगडं पावसात गोळा करावं तसं, खालच्या खाली आपल्या पोटाशी गोळा केलं. अक्षतांचा पाऊस पडला. फ्लॅश उडाला. त्या उजेडात मी नवरा-नवरी बघितलेच नाहीत. मी तिला बघत होतो, खाली बसलेली, कापड पोटाशी धरून.

जेवताना ती आमच्या पंगतीत वाढायला आली. केरूच्या पत्रावळीवर बुंदी वाढत म्हणाली, "आला का?"

"धुतल्यावर कळंल."

"कळल्यावर खरं सांग."

एवढंच. पुढच्या पत्रावळीकडं गेली. आम्हाला आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर बुंदी मिळाली होती आणि केरूच्यानं ती गिळवेना.

रोल मुंबईला गेला. तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत मी रोज गेलो आणि केरू रोज म्हणाला, आज कुरिअर नाही. खिडकीत बसून टेम्पोही बघायचा नाही. एकदा मी मुद्दाम विचारलं, "त्या सिन्नरवाल्या टेम्पोचा दिवा लावला का रे त्यानं?" तर म्हणाला, "कुठला टेम्पो?"

शेवटी पाकीट आलं. फोटो निघाला. उजेड पोचला होता, जरा जास्तच, पण फिल्मनं पोटात घातला होता. तेजस्विनी सुंदर आली होती, मुंडावळ्यांचा मोती न मोती दिसत होता. खालच्या कोपऱ्यात एक म्हातारा हात आणि पांढऱ्या कापडाची घडी. आणि नवऱ्याच्या तोंडावर, बरोबर ओठांवर, पांढरा गोल ठिपका. अक्षतेचा दाणा. लेन्सच्या अगदी पुढ्यातून उडत गेलेला, म्हणून दाणा बोराएवढा दिसत होता. पोरगा हसत होता की नाही, देवाला ठाऊक. गाल वर गेलेले दिसत होते, एवढंच.

मी फोटो उलटा करून टेबलावर ठेवला. मग माझ्यातला बँडवाला बोलला. "केरू, कुरिअरवाल्यानं हरवला म्हण. आणि बाकीचे दे."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी चहा करायला उठलो. मागं त्यानं फोन लावला.

"सगुणा, मी दादा. फोटो आला. उजेड बरोबर हाय. पण नवऱ्याच्या तोंडावर अक्षतेचा दाणा आलाय. हसू झाकलं गेलंय. मी अर्धा क्षण थांबायला पाहिजे होतं. चूक माझीच."

दूध उतू गेलं तरी मी शेगडी बंद केली नाही, आवाज होईल म्हणून. मग फोनमधून खोकल्यासारखा आवाज आला, आणि मला वाटलं ती रडतेय. ती हसत होती.

"माझ्या हातात कापड होतं," ती म्हणाली, "नाहीतर तुला वाटलं असतं दाणा मीच मारला. येते बघायला."

ती आली गुरुवारी दुपारी. जिना चढायला तिला वेळ लागला. केरूनं सकाळी बाजारातून दुसरं ताट आणलं होतं, पण ती जेवून आली होती. फोटो तिनं खिडकीशी नेऊन बघितला, ठिपक्यावर बोट ठेवून बघितलं, जणू खरवडला तर निघेल. मग खाटेवर बसली. गुडघे, कांदा साठवायची चाळ, मुलाचं नवं घर, असं काहीबाही बोलली. केरू हो हो करत होता. खंडेरावांचं नाव दोघांनीही काढलं नाही. जुन्या काळ्या फोटोचंही नाही. मी दोनदा तोंड उघडलं, बँडचं सांगावं म्हणून, आणि दोन्ही वेळा चहाचा घोट घेतला.

अर्धा तास झाला तशी ती उठली. आम्ही तिला स्टँडवर सोडायला गेलो. ती बाकावर बसली, केरू तिच्याशेजारी उभा. परत कधी येशील हे त्यानं विचारलं नाही. नंतर मी त्याला त्याबद्दल बोललो, तर म्हणाला, "विचारलं असतं तर तिला काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं."

त्यानंतर ती आलेली नाही. फोन मात्र करते, महिन्यातून एखादा, दोन मिनिटांचा. केरू तेवढ्यासाठी फोन खिडकीत ठेवतो, तिथं रेंज चांगली येते म्हणून.

पण त्या दिवशी कळवणची गाडी साडेचारला होती, ती पावणेपाचला आली. पंधरा मिनिटं ती बाकावर होती आणि तो तिच्याशेजारी. आजही कुणी एसटीच्या उशिराला शिव्या द्यायला लागलं, की केरू त्याला हात करून गप्प बसवतो.